आपल्या गाड्याची बारी

आदेश: पाय खाली घे आधी. सगळी यात्रा बघतीय आणि तू स्टेजवर स्टुलावर पाय टाकून बसलीस! वर गॉगल काय, कानात कापूस काय!

हर्षाली: कापूस भोंग्यासाठी आहे, गॉगल उन्हासाठी. आणि पाय वर ठेवायला मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. शर्यतीच्या घाटात लोक माझा आवाज ऐकायला येतात दादा, पाय बघायला नाय.

ठकूबाई: अन् बघितले तर बघू दे की. पाय हायेत, चोरून आणलेत व्हय? आदेश, तू जरा बाजूला सर. तुझ्यामुळं वारा अडतोय पोरीचा.

आदेश: आत्या, तूच हिला डोक्यावर बसवलीस. गाव काय बोलतंय माहितीये? सोपानरावाच्या पोरीला तीन वर्षं अंथरुण सुटत नाय, आणि बैलगाड्याचा माइक दिसला की टुणकन उठते.

हर्षाली: टुणकन? मला तू खुर्चीत बसवून गाडीतून उतरवलंस सकाळी. टुणकन कोण उठलं?

आदेश: तेच म्हणतोय मी. हे असं किती दिवस? सोमवारी पुण्याहून शिबिराची गाडी येतीय. मी सगळं ठरवलंय. रोज थोडं थोडं वाढवत नेतात, मन खंबीर करतात. आमच्या कंपनीतला एक जण पाठीच्या दुखण्यातून उठला तिथं.

हर्षाली: त्याची पाठ दुखत होती. मला डेंगीनंतर जे धरलंय ते पाठीचं नाय. आणि रोज थोडं थोडं मी करून आलेय. विसरलास?

आदेश: ते सेंटर वेगळं होतं.

हर्षाली: पद्धत तीच. आज एवढं चाल, उद्या त्याच्यापेक्षा जास्त. मी म्हणायची, मॅडम, काल घरी गेल्यावर मला वळता पण आलं नाय. तर त्या म्हणायच्या, थकव्याकडं लक्ष देऊ नका, तुम्हाला व्यायामाची भीती बसलीय, ती भीती हाच आजार. बरं वाटलं तर त्यांच्या उपचाराचा गुण, वाईट वाटलं तर माझ्या मनाचा दोष. मी जिंकणार कशी त्यात?

ठकूबाई: अन् घरी आली ती काय झाली म्हाईत हाय ना? डोक्यातनं फणी फिरवायला हात वर जात न्हवता. दिवाळीची आंघूळ मी घातली तिला, तान्ह्या पोरावानी. तू तवा चाकणला ड्यूटीवर व्हतास.

आदेश: आत्या, मोठमोठ्या डॉक्टरांचा रिसर्च आहे त्यामागं.

हर्षाली: आहे. आणि त्याच रिसर्चवर जगभर भांडण लागलंय. पेशंट ओरडले, आम्ही यानं आणखी पडलो. विलायतेत दोन हजार एकवीस साली नियमच बदलला, की या थकव्याच्या आजाराला असला चढत्या मापाचा व्यायाम द्यायचा नाय. काही डॉक्टर अजून जुन्याच बाजूनं बोलतात, ते मला माहितीये. त्यांना भांडू दे. पण ते भांडण माझ्या अंगावर नको.

आदेश: म्हणजे मनाचं काहीच नाय?

हर्षाली: असं कुठं म्हणाले? तिथल्या समुपदेशक बाईंपुढं मी पोटभर रडले, लई हलकं वाटलं. रडायला जागा मिळाली म्हणून त्यांचे उपकार आहेत. पण रडून पायात बळ येत नाय रे.

आदेश: बैलाचं काय मग? बाबा बैलाला रोज फेरा देतात, पोहायला सोडतात, वाढवत वाढवत नेतात. तेव्हाच घाटाला लागतो ना बैल?

हर्षाली: धडधाकट बैल. आणि आपला चिमण्या?

आदेश: चिमण्याचं काय?

ठकूबाई: लम्पीतनं उठला तवा दिसायला कसा व्हता? तकतकीत! बघणारा म्हणायचा, सोपान, जुंप की आता. तुझ्या बापानं त्याच्या मानेला जू लावू दिलं न्हाई. अजून दारात उभा हाय, कणकीचं गोळं खातोय. त्याला कुणी नाटकी म्हणलं न्हाई बाबा.

हर्षाली: थांब आत्या, सकाळपासून बाऱ्या सांगणारे भरतभाऊ खुणावतायत. फायनल सुरू होतीय. दादा, ठरलंय काय आपलं, बाबांच्या देखत? एकदा बोल.

आदेश: आज तू तुझ्या पद्धतीनं माइक घ्यायचा. तू नेहमी म्हणतेस, या आजाराचा दणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो. म्हणून सोमवारी सकाळी बघायचं. तुझी वेणी तू घातलीस तर शिबिर रद्द. नाय घालता आली, तर गुपचूप गाडीत बसायचं.

हर्षाली: शब्द?

आदेश: भैरवनाथापुढं दिलाय. पण वेणी तुला घालता येणार नाय. आज एवढं ओरडल्यावर कशी येईल?

हर्षाली: दे तो माइक.

हर्षाली, माइकवर: ऐका मंडळी, ऐका! भैरवनाथाच्या नावानं चांगभलं! फायनलची पहिली बारी! माळशेजचं वारं पिऊन आलेला गाडा, मढच्या पावण्यांचा! घाट मोकळा करा, बांधावरची पोरं मागं सरा, बैलाला वाट द्या! घोडीवाले, घोडी गाड्यापुढं घ्या... जुंपली... धरली... झाली रे झाली, भिर्रर्र! आरं काय गाडा, काय गाडा! घोडीच्या शेपटाला शिंगं लागायची राहिली! पडलं निशाण! पावणं, फेटा सांभाळा, तुमचे बैल तुमच्या आधी मढला पोचायचे!

ठकूबाई: घे, लिंबूपाणी घे. बोलू नगंस. मान मागं टाक.

आदेश: हे बघ! हे बघ! अख्खा घाट हलवलास! आजारी माणसाला असा आवाज असतो? तूच सांग आत्या.

ठकूबाई: तू गप बस म्हणलं ना. तिला दम घेऊ दे.

आदेश: नाय, मला खरंच कळत नाय. एवढं जमतं, तर मग रोज तेवढंच थोडं...

हर्षाली: दादा, या आवाजासाठी मी काय केलंय ते तू बघितलंस का? पंधरा दिवस खोलीचा पडदा उघडला नाय. मोबाइल लांब ठेवला. आत्याशीसुद्धा खुणेनं बोलले.

ठकूबाई: खुणेनं! मला वाटलं मुक्यानंच नांदायचंय आता. पाणी पायजे तर असं, जेवाण नको तर असं. एकदा मी चुकून दूध नेलं तर असं डोळं वटारलं!

हर्षाली: लोकांना बारी दिसते. गोठा कुणी बघत नाय.

आदेश: दुसरा गाडा लागला. भरतभाऊ हात करतायत. थांब, मी सांगतो त्यांना, जरा उशीर करा म्हणून.

हर्षाली: नको. माझं मी ठरवते. आत्ता ठीक आहे मी.

हर्षाली, माइकवर: दुसरी बारी, शिनोलीची! भीमाशंकरच्या वाटेवरचं गाव, बैल मात्र वाट बघत बसणारे न्हाईत! शिनोलीकर, जुवाला हात लावून देवाचं नाव घ्या! आवाज बंद, वाजंत्री बंद... झाली... झाली... भिर्रर्र! पुढचा पांढरा बघा मंडळी, पांढरा! धुरळ्यात नुसतं तोंड दिसतंय त्याचं! निशाण! मढकर, बसलात का खाली? उठून टाळी द्या, पावण्यांनी लई गोड पळवलाय!

ठकूबाई: थोडं बोलायचं ठरलं व्हतं. तुझ्या तोंडाला लगाम न्हाई.

हर्षाली: आत्या, लई बरं वाटतंय गं. तीन वर्षांनी. शर्यतीवरची बंदी उठली त्या वर्षी याच स्टेजवर मी पहिल्यांदा बोलले, आठवतं? पोरगी काय गाडा सांगणार म्हणून हसत होते सगळे. दोन बाऱ्या झाल्या आणि हसणं बंद. मग ओतूरपासून घोडेगावपर्यंत बोलावणी. आणि पावसाळ्यात ताप आला तो असा.

ठकूबाई: रडू नगंस. रडण्यानं पण दम लागतो म्हणतीस ना तूच.

हर्षाली: रडत नाय. आनंदानं आलंय.

आदेश: आपला गाडा आणलाय जुंपायला. बाबा स्वतः पुढच्या बैलांना धरून उभे आहेत. काय कमी वेळात घाट मारलाय मघाच्या गाड्यांनी! पण आपले बैल आज ताजे आहेत. हर्षू, ही बारी मारली तर घाटाचा राजा आपला गाडा!

हर्षाली: थांब.

आदेश: काय झालं?

हर्षाली: घड्याळ वाजलं. मनगटाला चिमटा काढतंय.

आदेश: कोणतं घड्याळ? मी दिलेलं? ते तर पावलं मोजायला होतं. रोजचं टार्गेट पूर्ण करायचीस त्याच्यावर.

हर्षाली: पावलं मोजायचं मी बंद केलंय त्याच्यातलं. आता ते छातीचे ठोके बघतं. ठोके वर गेले की सांगतं, बाई, आता बास. आत्ता सांगतंय.

ठकूबाई: चेहरा बघ पोरीचा. पांढरा पडलाय.

आदेश: आता? आता कसं बास? हर्षू, आपली बारी आहे! एकच! पुढचं एक मिनिट. दम धर, सोमवारचं सोमवारी बघू!

ठकूबाई: आदेश!

आदेश: अगं आत्या, ऐक ना. लोक हिच्या नावानं ओरडतायत. बाबा वर बघतायत. तिथं बैलांना धरून उभा असलेला माणूस, हिचा आवाज आला की त्याच्या हातात बळ येतं! हर्षू, एक मिनिट फक्त. घड्याळ काढून ठेव.

हर्षाली: एक मिनिट बोलले तर बोलेन मी. लई भारी बोलेन. उभी राहून बोलेन, तुला माहितीये माझं. आणि मंगळवारी, बुधवारी, आख्ख्या चैत्रात माझी वेणी आत्या घालेल. त्या सेंटरमध्ये पण हेच होतं दादा, एक मिनिट फक्त. मी ते एक मिनिट देत गेले. परत मिळालं नाय.

आदेश: पण ही आपली बारी आहे!

हर्षाली: आपली आहे, माहितीये. ही बारी मला बोलायची होती रे. तीन वर्षं पडल्या पडल्या मनात हीच बोलत होते. शब्दन् शब्द तयार आहे. घे माइक.

आदेश: मी?

हर्षाली: तू. भरतभाऊंचा घसा बसलाय. घे लवकर, घोडी पुढं गेली.

आदेश: मला नाय येत!

ठकूबाई: कंपनीत एवढ्या लोकांवर वरडतोस ना? मग इथं बोल. धर!

आदेश, माइकवर: हॅलो... हॅलो. मी आदेश. हर्षालीचा भाऊ.

ठकूबाई: आरं बैलाचं बोल! तुझं काय करायचंय लोकांना?

हर्षाली: घाट मोकळा करायला सांग. हळू. घाई करू नको.

आदेश, माइकवर: घाट मोकळा करा! बांधावरचे मागं सरा! शेवटची बारी, कळंबची! आमची... म्हणजे, सोपानरावांची! हर्षू, पुढं काय?

हर्षाली: आता मला विचारू नको. मी डोळे मिटतेय. तुझं तू बोल.

आदेश, माइकवर: वाजंत्री बंद करा... बाबा... बाबा, पोरीचा आवाज येत नाय म्हणून घाबरू नका! ती बसलीय इथं, बरी आहे! तुम्ही बैल बघा! जुंपली... धरली... झाली! झाली! भिर्रर्र! अरे गाडा बघा! फुल स्पीड! फुल प्रॉडक्शन! अरे काय बोलू, नुसती धूळ दिसतीय! आला... आला... आला रे आला! निशाण! निशाण पडलं! बाबा! बाबा!

ठकूबाई: पोरी, पडलं निशाण! आपल्या पोरांनी बैल धरले वर! घड्याळवाले बघतायत... थांब, भरत येतोय... दोन्ही हात वर केले त्यानं! सगळ्यात कमी वेळ, आपला! अगं घाटाचा राजा! माझ्या भावाचा गाडा घाटाचा राजा!

हर्षाली: ऐकलं आत्या. कापसातून पण ऐकलं.

ठकूबाई: सोपान बघ, वर बघतोय. हात जोडून उभा राह्यलाय मेला, बैलांकडं जायचं सोडून! भ्यालाय तो. तुला काय झालं म्हणून भ्यालाय.

हर्षाली: माझा हात धर, वर कर. दिसू दे त्यांना. मी बरी आहे.

ठकूबाई: दिसलं. दिसलं त्याला. डोळं पुसतोय बघ टोपीनं.

आदेश: हर्षू. अगं हर्षू, आपण जिंकलो.

हर्षाली: कळलं रे. फुल प्रॉडक्शन!

आदेश: हसू नको. मला काय सुचेल ते बोललो. ऐक ना, मला एक विचारायचंय. तू ही बारी सोडलीस.

हर्षाली: सोडली.

आदेश: आपल्या बापाची. फायनलची. सगळी यात्रा तुझ्या नावानं ओरडत असताना.

हर्षाली: किती वेळा सांगशील? आधीच जीव जळतोय.

आदेश: तसं नाय. मला वाटायचं, तुला नको ते जमत नाय आणि हवं ते जमतं. गाव म्हणतं तेच मला पण वाटायचं. मग नाटक असतं तर ही बारी सोडली असतीस का तू? कुणी सोडली असती?

ठकूबाई: उजाडलं बाबा एकदाचं.

हर्षाली: माइक चालू आहे दादा. बंद कर, सगळं ऐकतायत.

आदेश: ऐकू दे. ऐकायलाच पायजे.

आदेश, माइकवर: मंडळी, एक मिनिट. वाजंत्रीवाले, थांबा जरा. माझी बहीण आजारी आहे. तीन वर्षं आजारी आहे. तुम्ही तिला नाटकी म्हणालात, मी पण म्हणालो. आज तिनं आपल्या घरच्या गाड्याची बारी सोडली, कारण तिचं अंग बास म्हणालं. मी असतो तर सोडली नसती, आणि मग महिनाभर पडलो असतो. तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या नाहीत. तिला आवाज सोसत नाय. हात वर करा. नुसते हात वर करा आणि गप उभे राहा.

ठकूबाई: अगं... अगं, गॉगल काढ. काढ आधी.

हर्षाली: काय झालं?

ठकूबाई: सगळा घाट उभा हाय. मढवालं, शिनोलीवालं, झाडावरची पोरं, घोडीवाला घोडीवर बसून... सगळ्यांचं हात वर. अन् एक चकार शब्द न्हाई कुणाचा. माझ्या उभ्या जन्मात यात्रेत असं गप मी ऐकलं न्हाई.

हर्षाली: आत्या, आता मात्र रडते मी.

ठकूबाई: रड. दम लागला तर लागू दे. आज मी हाय.

आदेश: हॅलो, शिबिराचं ऑफिस का? मी आदेश बोलतोय, कळंबवरून. सोमवारी गाडी पाठवू नका. नाय, तारीख पुढं ढकलायची नाय. येणारच नाय ती. कारण काय म्हणता? कारण आम्ही विचारलं नव्हतं तिला. ठेवतो.

हर्षाली: दादा, सोमवार अजून व्हायचाय. वेणीचं ठरलं होतं ना? मला नाय घालता आली तर?

आदेश: तर आत्या घालेल. नायतर मी शिकेन. त्याच्यावर आता काही ठरायचं नाय.

ठकूबाई: हा वेणी घालायचा! बैलाच्या शेपटाला पण जमायची न्हाई याला.

हर्षाली: बक्षीस वाटपाला बोलावतायत बघ, भरतभाऊ. तू जा बाबांबरोबर. फेटा बांधून घे, फोटो काढ.

आदेश: बाबाच खालून सांगतायत, ढाल हर्षूकडं ने. तिच्या मांडीवर ठेव आणि मग फोटो काढ.

हर्षाली: जड असेल.

आदेश: मी धरतो खालून. तू नुसता हात ठेव.

ठकूबाई: अन् त्या पायाखालच्या स्टुलासकट येऊ दे फोटो. बघू दे सगळ्यांना.

हर्षाली: झालं का? आता घरी जाऊ या. चक्कर येतीय थोडी.

आदेश: गाडी स्टेजच्या पायरीला लावलीय. उचलू?

हर्षाली: नको. तुझा हात दे. चालते मी. पण हळू चालेन हां, लोक खोळंबतील मागं.

आदेश: खोळंबू दे. घाई नाय.